बाळ काचेच्या पेटीत आणि आई गावाकडे: आधी आईला आणा

नंदगडजवळच्या एका गावातल्या दादांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. बायकोला एकतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, तालुक्याच्या ठिकाणी सिझर झालं. मुलगी झाली, वजन १ किलो ३५० ग्रॅम. त्याच रात्री १०८ने तिला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. आज सहावा दिवस. बायकोला काल डिस्चार्ज मिळाला आणि ती माहेरी गेली. बाळाचं वजन १ किलो २४० ग्रॅमवर आलंय. डॉक्टर "स्थिर आहे" एवढंच म्हणतात. घरचे म्हणतात, बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही. हे दादा बेळगावातल्या उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहेत, रजा संपत आलीय. त्यांनी लिहिलंय, "सिस्टर, मी दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसून असतो. सही मागितली की सही करतो, औषधं आणायला सांगितलं की आणतो. याशिवाय आम्ही काय करायचं असतं?"

मी एकवीस वर्षं नवजात अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून काम करते, त्यातली बहुतेक बेळगावातच. तुमच्या बाळाची फाईल मी बघितलेली नाही, त्यामुळे उपचारांबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरून चाला. पण तुमच्या पत्रात वजनापेक्षा मला दुसरंच खटकलं. तुमच्या घरात दोन पेशंट आहेत, एक बेळगावात आणि एक नंदगडला, आणि दोघींच्या मध्ये तुम्ही एकटे मोटारसायकलवर. सहा दिवसांत आईने बाळाला बघितलेलं नाही. खरी अडचण ती आहे. ती सुटली की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप मार्गी लागतात, असा माझा अनुभव आहे.

आधी वजनाचं बोलते, कारण त्या आकड्याने तुमची झोप उडालीय. जन्मल्यावर प्रत्येक बाळाच्या अंगातलं जादा पाणी निघून जातं. दिवस भरलेल्या बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, कमी दिवसांच्या बाळाचं पंधरा टक्क्यांपर्यंतही उतरू शकतं. तुमच्या मुलीचं आठ टक्क्यांच्या आसपास उतरलंय. साधारण दहा ते चौदा दिवसांनी ती जन्माच्या वजनावर परत येईल आणि मग रोज वीस-पंचवीस ग्रॅमने वाढायला लागेल. तोवर रोजचा आकडा कुणालाही फोन करून सांगू नका. वजनाला आमच्याकडे कानडीत "तूक" म्हणतात. सकाळी ड्यूटी बदलताना दाराशी सगळे बाप "तूक एष्टु?", म्हणजे वजन किती, एवढं एकच विचारत उभे असतात. दहा ग्रॅम कमी झाले की चेहरे उतरतात. कधी आदल्या दिवशी हाताला सलाईनची पट्टी होती आणि आज ती काढली, एवढाच तो फरक असतो.

किती दिवस राहावं लागेल? नक्की कुणीच सांगू शकत नाही. श्वासाला आधार कधी सुटतो, जंतुसंसर्ग होतो का, दूध पचतं का, यावर ते ठरतं. एकतीस आठवड्यांच्या बाळाला श्वास घ्यायचा विसर पडतो. हो, अक्षरशः विसर पडतो, कारण मेंदूतलं ते केंद्र अजून कच्चं असतं. म्हणून त्यांना कॅफीन देतात, चहा-कॉफीत असतं तेच, औषधाच्या मापात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ चौतीस आठवड्यांच्या सुमारास बसतो, तोवर दूध नळीने द्यावं लागतं. तेव्हा मनात तीन ते पाच आठवडे धरा. त्यापेक्षा लवकर सुटका झाली तर आनंदच, पण पंधरा दिवसांत घरी जाऊ असं धरून कुणी पैशाची आणि रजेची जुळवाजुळव केली की विसाव्या दिवशी घर कोलमडतं. मी ते खूपदा बघितलंय.

आता आईबद्दल. तुम्ही ओझरतं लिहिलंय की तिला पान्हा फुटलाय, पण बाळ जवळ नाही म्हणून तिची आई दूध पिळून टाकायला लावते. दादा, हे वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. ते दूध टाकू नका. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं फार नाजूक असतं. त्याला सूज येऊन ते खराब होण्याचा एक आजार आहे, त्याची आम्हाला सगळ्यात जास्त भीती असते. आईच्या दुधावर असलेल्या बाळांना तो बराच कमी होतो. ज्याला आपण चीक म्हणतो ते पहिलं पिवळं दूध तर औषधासारखं असतं. ते दोन-तीन मिली जरी निघालं तरी आम्ही सिरिंजमध्ये घेऊन बाळाच्या गालाच्या आतून लावतो.

आई म्हणते, "एवढंसंच येतंय, काय उपयोग?" सध्या तुमच्या बाळाला एका वेळेला चार-पाच चमचे दूधही लागत नाही. पूर्ण दुधावर आल्यावरसुद्धा दिवसाला साधारण दोनशे मिली, म्हणजे चहाचे दोन कप. अडचण अशी की बाळ चोखत नसेल तर दूध काढत राहिल्याशिवाय टिकत नाही. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून आठ ते दहा वेळा, आणि त्यातलं एकदा तरी रात्री, कारण रात्रीच्या काढण्याने दूध टिकून राहतं. हात स्वच्छ धुऊन, छातीला गरम फडक्याने शेकून, काळ्या भागाच्या थोडं मागे अंगठा आणि बोट ठेवून, आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची. बोटं कातडीवर घासायची नाहीत. पहिल्या दिवशी सिस्टरकडून शिकून घ्यायचं, तेही आमचंच काम आहे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. तेव्हा मी काम करायचे तिथे आयांना आत सोडतच नव्हते. काचेतून बघायचं आणि जायचं. खानापूर भागातल्या रानातली एक मुलगी, वय वीसच्या आत, अकराव्या दिवशी पहिल्यांदा बाळाजवळ आली. तोवर तिचं दूध आटलं होतं. ती पेटीजवळ उभी राहिली आणि मला विचारलं, "अक्का, हे माझंच आहे ना?" बाळ पुढे नीट झालं, घरी गेलं. पण तो प्रश्न माझ्या कानातून गेलेला नाही. त्या अकरा दिवसांत तिला आत न घेण्याचं एकही खरं कारण नव्हतं, आणि मीही तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं की का घेत नाही.

म्हणून माझं सरळ सांगणं आहे, उद्या-परवापर्यंत बायकोला बेळगावात आणा. सिझरला सहा दिवस झालेत, टाके दुखतील, पण ताप नसेल, टाक्यातून पाणी येत नसेल आणि तिच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर गाडीत मागच्या सीटवर उशी धरून ती येऊ शकते. दारात व्हीलचेअर मागा, मिळते. रोज नंदगडहून ये-जा मात्र नको. बस आणि वडापचे धक्के, वाट बघणं, परत जाऊन जेवण, यात दूध काढायच्या चार वेळा जातात. आधी दवाखान्यात विचारा की आयांना राहायला खोली किंवा वॉर्ड आहे का. जिल्हा दवाखान्यांच्या नवजात विभागांत तशी सोय असायला हवी असा नियमच आहे, आणि मोठ्या खाजगी ठिकाणीही बहुधा काही ना काही निघतं. नसेल तर शहरातल्या पाहुण्यांकडे एक खोली बघा. अनगोळ, शहापूर, वडगाव, कुणाचं कोण ना कोण असतंच.

आता सव्वा महिन्याचं. सासूबाईंशी किंवा तुमच्या आईशी वाद घालू नका. त्या चुकीच्या आहेत असं मी म्हणणार नाही. बाळंतिणीला विश्रांती मिळावी, चार माणसांचा संसर्ग लागू नये, गरम जेवण मिळावं, म्हणूनच ती रीत पडली. ती रीत आई आणि बाळ एकाच खोलीत आहेत असं धरून आहे. इथे बाळ बेळगावात आहे, म्हणजे बाळंतिणीची खोली बेळगावात हलली, एवढंच. असं सांगितलेलं आज्यांना पटतं. शिवाय त्यांना काम द्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मऊ भात, वरण, ताज्या भाज्या, हे सगळं त्यांनी बेळगावात येऊन करावं. पाचवी तुम्ही कालच घरी पुजली असेल, नसेल पुजली तरी देव रागावत नाही. सोयर आहे म्हणून बाळाजवळ जायचं नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यांना माझं नाव सांगा, बेळगावच्या एका सिस्टरने सांगितलंय म्हणा.

गावाकडे काढलेलं दूध आणायचंच झालं तर उकळून घेतलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या डबीत, वर तारीख आणि वेळ लिहून, थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. फ्रिजमध्ये ते चोवीस तास चालतं, बाहेर चार तासांच्या वर नको. काही विभाग बाहेरून आणलेलं दूध घेत नाहीत, त्यामुळे आधी विचारा. आणि बाळाला मध, गुटी, साखरपाणी, गाईचं दूध, यातलं काहीही कुणी बोटाने चाटवायचं नाही. यात मी तडजोड करत नाही.

आत गेल्यावर काय करायचं, हा तुमचा मूळ प्रश्न. पहिल्यांदा आत आलेले आईबाप बाळाकडे बघतच नाहीत, मॉनिटरकडे बघतात. तो वाजतो, लाल दिवा लागतो, आणि यांचा जीव घशाशी येतो. नव्वद टक्के वेळा बाळाने पाय झाडलेला असतो आणि पायाला बांधलेली पट्टी सरकलेली असते. तुम्ही बाळाच्या रंगाकडे आणि छातीच्या हलण्याकडे बघा, आकड्यांकडे सिस्टर बघतेय. खरंच श्वास थांबला तर आम्ही तळव्याला बोटाने हलकेच घासतो, आणि बहुतेक बाळं एक उसासा टाकून परत सुरू होतात. ते बघून घाबरू नका.

बाळाला कुरवाळू नका. आपल्या हाताला सवय असते पाठीवरून हात फिरवायची, पण या बाळांची कातडी इतकी पातळ असते की फिरता हात त्यांना टोचतो. एक तळवा डोक्यावर टोपीसारखा ठेवायचा, दुसरा पायाच्या तळव्यांना टेकवून पाय पोटाकडे हलकेच जवळ घ्यायचे, आणि तसंच ठेवायचं. हलवायचं नाही. हात गरम हवेत. एखाद्या मिनिटात मुठी सैल पडतात, कपाळावरची आठी जाते, आणि मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा खाली येतो. तुमच्या हाताखाली तो आकडा उतरताना तुम्हाला दिसेल. हे काम आम्ही सिस्टरही करतो, पण माझ्याकडे एका पाळीत कितीतरी बाळं असतात. तुमच्याकडे एकच आहे.

डॉक्टरांनी हो म्हटलं की कांगारूसारखं छातीशी घेणं सुरू करायचं. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट, आईच्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखे पाय, मान एका बाजूला, वरून शाल किंवा ओढणी घट्ट. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथल्या दवाखान्यात पेट्या कमी होत्या आणि बाळं जास्त. नंतर लक्षात आलं की या बाळांना ऊब तर मिळतेच, शिवाय ती जास्त जगतात. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता लगेच छातीशी दिलं, तर मृत्यू जवळपास पाव हिश्श्याने कमी झाले. तेव्हा बाळ अजून सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, आहे म्हणून कुणी नको म्हणत असेल तर नम्रपणे पुन्हा विचारा, "कधीपासून घेता येईल?" प्रत्येक ठिकाणची तयारी वेगळी असते, पण विचारणाऱ्या आईबापांना लवकर मिळतं हे खरं. घेतलं की एक तास तरी ठेवा. दहा मिनिटांसाठी काढ-घाल केली तर बाळ दमतं.

आणि हे काम बापही करू शकतो. शर्ट काढून, अंघोळ करून, तंबाखू आणि विडी बंद करून. आजीही करू शकते. माझ्या अनुभवात बापांच्या छातीवर बाळं लवकर झोपतात, का ते मला सांगता येणार नाही.

तुमच्या कामाबद्दल. सगळी रजा आत्ताच संपवू नका. बायको बेळगावात आली की तुम्ही पाळीवर जा, उद्यमबाग काही लांब नाही, आणि संध्याकाळचा छातीशी घेण्याचा तास तुमचा ठेवा. राहिलेली रजा बाळ घरी येईल त्या आठवड्यासाठी लागेल. ते पहिले सात दिवस दवाखान्यातल्या दिवसांपेक्षा अवघड जातात, कारण मॉनिटर नसतो आणि सिस्टर नसते.

डॉक्टर "स्थिर" म्हणतात त्याचा अर्थ एवढाच की कालपेक्षा आधार वाढवावा लागलेला नाही. तुम्हाला जास्त हवं असेल तर प्रश्न नेमके करा. एक छोटी वही ठेवा आणि रोज तीनच गोष्टी विचारा. श्वासाचा आधार कालपेक्षा कमी झाला का? दूध किती मिलीवर आलं? आज नवीन काय करणार आहात? भेटीची वेळ ठरवून मागा, जाता-येता कॉरिडॉरमध्ये गाठू नका, तिथे कुणीच नीट बोलत नाही. भाषेची अडचण आली तर लाजू नका. फॉर्म कानडीत किंवा इंग्रजीत असतो. "मराठीत समजावून सांगा, मग सही करतो" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. माझ्या कानडी मैत्रिणी "काळजी माडब्याडरी", म्हणजे काळजी करू नका, म्हणून मोडक्या मराठीत का होईना, समजावून देतातच. आमच्या विभागात बाळाची आई कोणत्या भाषेत रडते याने कधी फरक पडलेला मी बघितला नाही.

पाहुण्यांना बातमी देणारा एकच माणूस नेमा, भाऊ किंवा मेव्हणा. कोल्हापूरचे, गोव्याचे नातेवाईक आपापल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून फोन करतात, आणि रात्री अकरा वाजता तुम्ही गोंधळून जाता.

पैशाचं थोडक्यात. सरकारी दवाखान्यात असाल तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त, गाडी, सगळं मोफत आहे. २०११पासून आहे. खाजगीत असाल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन आजच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा आणि आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बसतं का विचारा. बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. हे डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

बायको रडेल. "मी जड उचललं म्हणून झालं", "मी त्या दिवशी शेतात गेले म्हणून झालं", असं म्हणेल, किंवा तिला कुणीतरी तसं ऐकवलेलं असेल. लवकर कळा येण्याची कारणं बहुतेक वेळा सापडतही नाहीत. तुम्ही तिच्यासमोर, घरच्यांच्या देखत, एकदा स्पष्ट म्हणा की यात तुझी चूक नाही. दोन आठवड्यांनंतरही ती जेवत नसेल, बाळाकडे बघायला नको म्हणत असेल, किंवा मरणाचं बोलत असेल तर ते नुसतं बाळंतपणाचं हळवेपण नाही. डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, तिथे आपल्या भाषेत बोलता येतं. मरणाचं बोलली तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी.

एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, जन्मापासून तीस दिवसांच्या आत. दोन किलोच्या आतल्या बाळांना ती करावीच लागते. डोळे वरून काळेभोर, छान दिसतात आणि आत पडद्याची रक्तवाहिनी वेडीवाकडी वाढत असते. वेळेत कळलं तर उपचार होतो, उशीर झाला तर नजर जाते. बाळ त्याआधी घरी गेलं तर नंदगडहून परत यावं लागेल, पावसात, बस चुकवून, कसंही. कानांची तपासणीही त्याच वेळी विचारा.

बारसं नंतर करा, पण हाक मारायला आत्ताच काहीतरी नाव ठरवा. पायाच्या पट्टीवर सध्या फक्त आईचं नाव आहे, त्यापुढे "बेबी". आईचा आवाज तिने पोटात असल्यापासून ऐकलाय, ती ओळखते.

उद्या येताना बायकोला सांगा, आत जायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, अंगठी-बांगड्या चालत नाहीत. हिरवा चुडा दारातल्या बेसिनवर काढायची वेळ आली की मुली फार रडतात, काहीतरी अशुभ होईल असं वाटतं. घरीच काढा, साबणाच्या पाण्याने, एकेक, एकही फुटू न देता. देवापुढच्या ताटलीत ठेवून या. पोरगी घरी आली की आजीच्या हातून परत भरायच्या.